दगड पाणी पीत नाही

2020 ची दिवाळी. आईने ज्वारीची कोठी माजघराच्या पश्चिमेच्या भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणून ठेवली. येता-जाता गुडघ्याला लागायची. मी दोनदा जागेवर सरकवली, तिने दोनदा परत ओढली. "भिंत गार लागतीय हाताला. तळची मालदांडी ज्वारी वास मारायलीय," एवढंच म्हणाली.

महिनाभर आधी, 14 ऑक्टोबरला, बंगालच्या उपसागरातून निघालेला कमी दाबाचा पट्टा तेलंगणावरून आमच्या डोक्यावर येऊन बसला होता. सोलापूरचा पाऊस तसाच आहे. जून-जुलैत हुलकावण्या देतो आणि परतताना सगळा हिशोब एकदम चुकता करतो. त्यामुळे ओल आली तर त्यात नवल काय, असं मी धरून चाललो. पण पाऊस जाऊन महिना झाला, दुपारी चांगलं ऊन पडू लागलं, तरी भिंत वाळायचं नाव घेईना. उलट आतल्या बाजूने जमिनीपासून दोन हातांवर एक पांढरी वेडीवाकडी रेघ उमटली. बोट लावलं की पिठासारखी भुकटी हाताला यायची. विज्ञानाचा मास्तर असल्यामुळे नको ती सवय आहे, जिभेला लावून बघितली. खारट. लोणा, म्हणजे भिंतीतून फुटून बाहेर येणारे क्षार.

आमचं घर बाळीवेशीत, जुन्या गल्लीत. ही भिंत पणजोबांच्या वेळची. खाली साडेचार फूट काळा दगड, त्यावर भाजकी वीट, सगळं चुन्यात. जाडी दोन फुटांच्या वर. बाहेरचा आणि आतला थर नीट रचलेला आणि मधल्या पोकळीत दगडगोटे नि पांढऱ्या मातीची भर. 1998 मध्ये मागचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, उतरवून स्लॅब टाकला, तेव्हा वडिलांनी बाहेरच्या दरजा, म्हणजे दगड-विटांमधले सांधे, सिमेंटने भरून घेतल्या. त्या काळात सगळ्यांनीच भरल्या. त्यावर 2018 च्या दिवाळीला मी माझी अक्कल चालवली. दुकानातून पारदर्शक, चकचकीत सिलर आणला आणि दगड-वीट न बघता सगळ्या भिंतीला दोन हात मारून घेतले. "पाण्याचा थेंब आत जाणार नाही," असं दुकानदार म्हणाला होता. भिंत मात्र काय चमकली! दगड आत्ताच पाऊस पडून गेल्यासारखा काळाभोर. गल्लीतून जाणारे थांबून कितीला पडलं ते विचारायचे, आणि मी आनंदाने सांगायचो.

आता बाहेर जाऊन बघितलं तर विटांवरची ती चमक दुधावरच्या सायीसारखी सुटत होती. एक पापुद्रा नखाने उचलून ओढला. तो हातभर निघाला आणि त्याला चिकटून विटेचा पातळ लाल थरही आला. पापुद्र्याच्या आतल्या अंगाला पाण्याचे बारीक थेंब होते. वर कोरडं ऊन, आणि भिंतीच्या कातडीखाली पाणी. शिवाय तिथेही पांढरी भुकटी. भिंतीतलं पाणी बाहेरच्या तोंडाशी येऊन उडून जातं, सोबत आणलेले क्षार मागे ठेवतं. तोंड उघडं असलं की हे क्षार भिंतीच्या वर फुटतात, झाडूने झटकता येतात. तोंड बंद असलं की ते कोटाच्या मागे, विटेच्या छिद्रांतच स्फटिक धरतात. स्फटिकाला जागा लागते, आणि ती तो वीट फोडून करून घेतो. हे मी नववीच्या वर्गाला फळ्यावर शिकवू शकलो असतो. घरच्या भिंतीवर मात्र ते मीच घडवून आणलं होतं.

तीन जण बघून गेले. पहिला म्हणाला, ॲसिडने धुऊ आणि वरून नवा कोट मारू, पाच वर्षं बघायला नको. दुसऱ्याने आतून टाइल्स लावायला सांगितल्या, म्हणजे ओल दिसणारच नाही. ॲसिडवाल्याला मी वाटेला लावलं, कारण चुन्याच्या जुन्या ढेकळावर हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकलं की काय होतं हे दरवर्षी मुलांना दाखवतो. फसफसतं आणि चुना विरघळून जातो. वर जे कॅल्शियम क्लोराइड मागे राहतं, ते हवेतलं पाणी ओढून घेणारं. म्हणजे ओलीवर इलाज म्हणून भिंतीत ओल धरणारं मीठ भरायचं.

तिसरे मेस्त्री साठीच्या पुढचे, घरी तेलुगू बोलणारे. त्यांनी पिशवीतून काही काढलंच नाही. बोटाच्या पेराने टकटक करत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मग मान वर करून गच्चीच्या कठड्याकडे बघितलं, मग खाली रस्त्याकडे.

"सर, हिला वरून पाणी मिळायलंय, खालून मिळायलंय. बाहेर पडायला तुम्ही वाट ठेवली नाही. मग आत रडंल नाही तर काय करंल?"

"मग काय मारायचं?"

"वर्षभर काही मारू नका."

हे ऐकून माझा विरसच झाला. काहीतरी डब्यातलं आणायचं, मारायचं आणि मोकळं व्हायचं, या तयारीत मी होतो. म्हणून त्यांचं खरं किती ते बघायला दोन प्रयोग केले.

पहिला सोपा. जाड प्लास्टिकचे हातभर लांबी-रुंदीचे तीन तुकडे भिंतीच्या आतल्या अंगाला चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून लावले. एक जमिनीलगत, एक मधे, एक छताजवळ. प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला दव धरलं तर दमटपणा खोलीतल्या हवेचा, आणि भिंतीकडच्या बाजूला धरलं तर भिंतीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी खालचा तुकडा आतून ओघळत होता. मधला जवळपास कोरडा. वरचा पुन्हा आतून ओला. मेस्त्री म्हणाले तसंच: वरून एक, खालून एक.

दुसऱ्या प्रयोगात मजा आली. भिंत किती पाणी पिते हे मोजायला प्रयोगशाळांत कार्स्टेनची नळी वापरतात. काचेची, वाकडी, मिलिलिटरच्या खुणा केलेली. ती पुट्टीने भिंतीला चिकटवायची, पाणी भरायचं आणि किती वेळात किती उतरतं ते बघायचं. माझ्याकडे होती दहा मिलिलिटरची सिरिंज, सलाईनच्या नळीचा तुकडा, भोक पाडलेलं बाटलीचं बूच आणि पुतणीची खेळायची रंगीत माती. बूच त्या मातीने भिंतीवर दाबून बसवलं, नळीने सिरिंजला जोडलं, सिरिंज उभी धरली आणि घड्याळ लावून बसलो. पुतणी आकडे लिहायला.

काळ्या दगडाच्या मधोमध अर्ध्या तासात पाणी एक रेघही खाली गेलं नाही. पापुद्रा निघालेल्या विटेवर पाच मिलिलिटर सहा मिनिटांत संपलं. मग बूच सिमेंटच्या दरजेवर, जिथे दगड आणि सिमेंट यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसत होती, तिथे बसवलं. पुतणीने पेन्सिल उचलेपर्यंत सिरिंज रिकामी. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि गळती नाही ना म्हणून पुन्हा लावून बघितलं. पुन्हा तेच.

मेस्त्रींना हे करून दाखवलं तर ते हसायला लागले. "दगड पाणी पीत नाही सर. दरज पिती."

आपल्याकडचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा, बेसाल्ट, अंगाने घट्ट. पाणी त्याच्यातून नाही, त्याच्या कडेने जातं. सिमेंट सुकताना आकसतं, शिवाय इतकं कडक की उन्हाळ्यात 43-44 अंशांना तापणारी आणि रात्री निवणारी भिंत जरा हलली की ते दगडाला सोडून देतं. केसाएवढी फट झाली की पाणी आपोआप आत खेचलं जातं, त्याला पावसाचा जोरही लागत नाही. आत गेलेल्या पाण्याला मात्र सिमेंटमधून बाहेर पडता येत नाही. मऊ चुन्याची दरज असती तर पाणी तिच्यातून उडून गेलं असतं. ती नाही म्हटल्यावर ते विटेतून वाट काढतं आणि वीट झिजते. आणि मी सिलरचा निम्मा डबा ज्याला कशाचीच गरज नव्हती त्या दगडावर ओतला होता.

खालचं पाणी कुठून येतं हे ओट्याच्या कडेचं काँक्रीट फोडल्यावर कळलं. माझ्या लहानपणी या ओट्याला तीन पायऱ्या होत्या, आता एकच उरलीय. ओटा खचला नाही, रस्ता चढत गेला. दर वेळी जुन्यावर नवा थर. त्यामुळे बाहेरचं साचलेलं पाणी आमच्या जोत्याच्या वरच्या अंगाला टेकतं. तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण मोरीतून बाहेर जाणारा जुना मातीचा पाईप भिंतीच्या पायाशी सांध्यात उघडा पडलेला सापडला. सहा माणसं, आणि उन्हाळ्यात दोन-दोन वेळच्या आंघोळी. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून आम्ही बादल्या मोजतो, आणि त्यातल्या निम्म्या या भिंतीला पाजत होतो! आईने खड्ड्यात वाकून बघितलं आणि काही न बोलता आत गेली. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

पाईप बदलला. ओट्याच्या कडेची दीड फुटाची पट्टी खणून त्यात मोठी खडी भरली, म्हणजे भिंतीलगत पाणी थांबू नये आणि जमिनीला श्वास मिळावा. वर कठड्याच्या माथ्यावरचा सिमेंटचा थर कमळासारखा फुटला होता. तो काढून शहाबादी फरशी आतल्या बाजूला उतार देऊन बसवली. बाहेर दीड इंच काढली आणि तिच्या खालच्या अंगाला कडेपासून इंचभर आत एक खाच मारून घेतली. ही खाच फार हुशार गोष्ट आहे. पाणी फरशीच्या कडेवरून वळून खालच्या पोटाला चिकटून भिंतीकडे सरपटत येतं, खाच आली की त्याचा धरबंध सुटतो आणि ते खाली टपकतं. जुन्या पागोळीच्या दगडाला ती असायची, नव्या कठड्यांना सहसा नसते.

मग माझा चकचकीत कोट. रंग काढायची जेल लावून, मऊ झाला की नायलॉनच्या ब्रशने, वीतभर वीतभर करत. विटांवर तो इतका मुरला होता की सगळा निघालाच नाही. दर रविवारी मी स्वतः बसलो. ज्याने लावला त्यानेच काढावा, हा आईचा न्याय.

आतल्या भिंतीचा तेलरंग खरवडून टाकला. लोणा ओढून काढण्यासाठी जुन्या वह्यांच्या कागदाचा लगदा करून बोटभर जाडीने थापला. तो वाळताना भिंतीतलं पाणी ओढतो, पाण्याबरोबर क्षार येतात, आणि वाळलेला लगदा पापडासारखा सोलून फेकून द्यायचा. भिजवायला बोअरचं पाणी वापरून चालणार नव्हतं. आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीलाच पांढरा थर धरतो, ते भिंतीतलं मीठ काय काढणार? आरओचे जार आणले. तीन वेळा थापल्यावर रेघ फिकी झाली. तोवर एप्रिल 2021, कोरोनाने पुन्हा सगळं बंद, मजूर गावाला. भिंत तशीच उघडीनागडी राहिली आणि सोलापूरच्या उन्हाने तिला फुकटात वाळवलं.

दरजा काढायला नोव्हेंबरात सुरुवात केली. पहिल्या दिवशी मेस्त्री आले नव्हते आणि त्यांच्या हाताखालच्या पोराने वेळ वाचवायला ग्राइंडर लावला. मी शाळेतून येईपर्यंत दोन दगडांच्या कडा आणि चार विटा कापल्या गेल्या होत्या. त्या खुणा अजून दिसतात. त्यानंतर फक्त बारीक छिन्नी आणि हातोडी. दरज जेवढी रुंद, त्याच्या दुप्पट खोल काढायची, म्हणजे आमच्याकडे साधारण इंचभर. सिमेंटच्या मागे पणजोबांचा चुना सापडला, ओला, दह्यासारखा.

चुन्याचं काम पाहायला गल्ली जमायची. कळीचा चुना पोत्यातून आणला. लोखंडी पिंपात आधी पाणी भरलं आणि त्यात कळ्या थोड्या-थोड्या सोडल्या. उलटं करायचं नाही. कळ्यांवर पाणी ओतलं की अंगावर उडतो, आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो. आम्ही चष्मे लावले होते. पहिलं मिनिटभर काही होत नाही. मग पिंपाच्या तळातून गुरगुर येते, कळ्या तडतड फुटायला लागतात आणि बघता बघता सगळं पिंप भातासारखं रटरटतं, खाली जाळ नसताना. मेस्त्रींनी पिंपाला ओला हात लावून दाखवला, चर्र झालं. थंड झाल्यावर गाळून, वर चार बोटं पाणी ठेवून तीन आठवडे झाकून ठेवला. उघडला तेव्हा लोण्यासारखा, करणीला, म्हणजे गवंड्याच्या थापीला, चिकटेना.

एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग धुतलेली वाळू. सुरखी म्हणजे कमी भाजलेल्या विटांची भुकटी. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगड होत जातो, सुरखीने तो ओलीतही धरतो. पाणी जवळपास घालायचं नाही, लाकडी मुसळाने कुटत राहायचं. कुटता कुटता तो स्वतःच सैल होतो. "पाणी घाला की थोडं," मी म्हटलं, आणि मेस्त्रींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी परत वह्या तपासायला बसलो. त्यांच्या वडिलांची रीत म्हणून गूळ आणि हिरड्याचं पाणी मात्र वाटीभर घातलं गेलं.

दरजा आधी भिजवायच्या, मग दोन थरांत दाबून भरायच्या, दगडाच्या तोंडापेक्षा जरा आत ठेवायच्या. तासा-दोन तासांनी कडक ब्रशने टोकायच्या, म्हणजे तोंड खरबरीत आणि उघडं राहतं. चुना झपाट्याने वाळला तर त्याची माती होते, म्हणून भिंत दहा-बारा दिवस ओलसर ठेवायची. गोणपाट कमी पडले तेव्हा आईने कपाटातल्या विटलेल्या चादरी काढून दिल्या. सोलापुरात अजून कशाचा नाही तरी चादरींचा तुटवडा नाही. तर आमच्या भिंतीवर ओल्या चादरी लटकलेल्या, मोर आणि नक्षी रस्त्याकडे तोंड करून, आणि दोनदा कुणीतरी विचारायला आलं की इथे सेल आहे का. संक्रांतीचे चार दिवस मेस्त्रींनी करणीला हात लावला नाही. सिद्धेश्वराची जत्रा आधी, भिंत नंतर. त्या दिवसांत चादरींवर पाणी मारायचं काम मी केलं.

सिलरची पाळी आली ती मार्च 2022 मध्ये, प्लास्टिकचे तुकडे पुन्हा लावून ते कोरडे निघाल्यावर. या वेळी डबा वाचून आणला. सिलेन-सिलोक्सेन जातीचा, पाण्यात मिसळलेला. हा वर कातडी धरत नाही. आत शिरून छिद्रांच्या भिंतींना पाणी न चिकटणाऱ्या करतो. छिद्रं उघडीच राहतात, म्हणून पाणी आत शिरत नाही पण आतली वाफ बाहेर पडते. खालून चढणारी ओल तो थांबवत नाही, मोठी भेग बुजवत नाही, साचलेल्या पाण्यापुढे टिकत नाही. म्हणून फक्त बाहेरून, फक्त विटांना. दगडाला नाही आणि पायथ्याच्या चुन्याच्या दरजांनाही नाही, कारण खालची उरलीसुरली ओल तिथूनच बाहेर पडायची होती. जिथे जुना कोट निघाला नव्हता त्या विटांनी तो घेतलाच नाही, नुसता ओघळला.

भिंत पश्चिमेची, त्यामुळे सकाळी सावलीत. सात ते दहा एवढाच वेळ. तापलेल्या विटेवर मारला तर आत शिरायच्या आधीच उडून जातो. फवारणीच्या हातपंपाने, कमी दाबावर, खालून वर जात. वीट पिऊन तृप्त होऊन वीतभर ओघळ खाली सुटेपर्यंत एक जागा सोडायची नाही. पहिला हात ओला असतानाच दुसरा. वरच्या खिडकीची एक काच झाकायची राहिली. तिच्यावर ढगासारखा डाग कायमचा बसला आहे.

वाळल्यावर काहीच दिसलं नाही. ना चमक, ना रंग. शेजारच्या काकांनी विचारलं, "अरे, मारणार होतास ना?" आठवड्याने सिरिंज लावली. सहा मिनिटांत पाच मिलिलिटर पिणारी ती वीट अर्धा तास पाणी बाहेरच अडवून बसली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात लावतो. भिंतीवर पाण्याचे मोती होतात की नाही यावर जाऊ नये. वरच्या वर ते उन्हाने एक-दोन वर्षांत नाहीसे होतात, आतला असर पुष्कळ टिकतो.

आतून फक्त चुन्याची सफेदी. उत्तरेचा कोपरा हस्ताच्या पावसात अजूनही वीतभर ओला होतो, रस्ता खाली जात नाही तोवर होणारच. पण पंधरा दिवसांत वाळतो आणि जो लोणा फुटतो तो झाडूने झटकला जातो.

2022 ची दिवाळी झाल्यावर एकदा शाळेतून आलो तर माजघर मोठं वाटलं. कोठी भिंतीकडे गेली होती. अगदी लागून नाही, हात आत जाईल एवढी फट ठेवून. आई त्या फटीत हात घालून भिंत चाचपत होती.